सॅनिटायझर संपलं, हात धुणंही संपलं?

प्रश्न थोडक्यात: पुण्याच्या एका ताईंचं पत्र आहे. घरात ७२ वर्षांच्या सासूबाई, नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. कोविडच्या काळात दाराशी सॅनिटायझर, चपला बाहेर, बाहेरून आलं की थेट आंघोळ अशी कडक शिस्त होती. आता त्यातलं काही उरलेलं नाही. मुलं शाळेतून येतात आणि तशाच हाताने डब्यातला लाडू उचलतात. धाकट्याचं पोट या पावसाळ्यात दोनदा बिघडलं. नवरा म्हणतो, फार स्वच्छ राहिलं की प्रतिकारशक्ती जाते. सासूबाई मात्र अजूनही भाजी भांड्यांच्या लिक्विडने धुतात आणि कामाला येणाऱ्या मावशींना दारातच सॅनिटायझर लावायला सांगतात. त्यांचा कपही वेगळा आहे. ‘सगळ्यांच्या मागे लागून मी दमले. धुऊन धुऊन भेगा पडल्या त्या माझ्याच हातांना. २०२० मधली शिस्त परत कशी आणू?’ असं त्या विचारतात.

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊ. २०२० मधली शिस्त परत आणू नका. त्यातली मोजकी कामं ठेवा आणि बाकीची बिनधास्त सोडून द्या. तेव्हा घर शिस्तीत होतं आणि आता ढेपाळलं, असं तुम्ही धरून चालला आहात. खरं तर तेव्हाचे निम्मे कष्ट भलत्याच जागी पडत होते.

आठवून बघा. दुधाच्या पिशव्या धुवायच्या, नोटांवर इस्त्री फिरवायची, पार्सलचा खोका दोन दिवस गॅलरीत ठेवायचा. हा विषाणू नेमका कसा पसरतो हे मार्च २०२० मध्ये कुणालाच पक्कं माहीत नव्हतं, तेव्हा सगळंच पुसत बसणं चूक नव्हतं. पुढे कळलं की तो मुख्यतः हवेतून, श्वासावाटे पसरतो. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने सांगितलं की विषाणू असलेल्या वस्तूला हात लागून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. पुण्याने हे आधीही पाहिलंय. १८९७ च्या प्लेगात घरं धुऊन काढली, लोकांचं सामान जाळलं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं १८९८ मध्ये. नव्या साथीत आधी सगळं धुतलं जातं, मग नेमकं काय धुवायचं ते कळतं. आपल्याला ते आता कळलंय, तेव्हा पुन्हा सगळं धुवायला लागायचं कारण नाही.

मग साबणाने हात धुणंही वायाच गेलं का? अजिबात नाही. कोविडच्या धाकाने लागलेली ती सवय कोविडपेक्षा पोटाच्या आजारांवर जास्त कामाची होती. जुलाब, टायफॉइड, हेपॅटायटिस ए ची कावीळ, जंत या सगळ्यांची वाट हातावरून तोंडात जाते, आणि ती वाट साथ संपल्यावर बंद झालेली नाही. साथीच्या आधीचं चित्र काय होतं तेही बघा. २०१८ मधल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार शौचानंतर साबणाने हात धुणारी घरं देशात साधारण ७४ टक्के होती, पण जेवणाआधी साबण वापरणारी जेमतेम ३६ टक्के. उरलेल्यांपैकी बहुतेक घरांत हातावर नुसतं पाणी घेऊन ताटावर बसायचं. आपण हाताने जेवणारी माणसं, त्यामुळे आपल्यासाठी हा आकडा फार महत्त्वाचा आहे. तुमच्या घराला परत मिळवायची आहे ती एवढीच गोष्ट: जेवणाआधी साबण.

म्हणजे साबणाने हात कधी धुवायचे? शौचानंतर. स्वयंपाकाला हात घालण्याआधी आणि काहीही खाण्याआधी. बाहेरून घरात आल्यावर. कच्चं चिकन-मासळी, अंडी किंवा कचऱ्याचा डबा हाताळल्यावर, आणि नाक शिंकरल्यावर. दिवसाकाठी हे आठ-दहा वेळा होतं. यापलीकडे दाराची कडी, लिफ्टचं बटण, रिमोट असं प्रत्येक वेळी धुवायची गरज नाही. तुमच्या हातांच्या भेगा त्या ‘प्रत्येक वेळी’मधूनच आल्या असणार.

आता धुण्याविषयी. याच्या पायऱ्या सगळ्यांना पाठ आहेत, तरी धुतलेले हात बहुतेकदा अर्धेच धुतलेले असतात. एकदा घरात करून बघा. मुलांच्या तळहातावर पाव चमचा गोडेतेलात चिमूटभर हळद कालवून द्या, दोन्ही हातांना सगळीकडे चोळायला सांगा आणि मग ‘रोज धुतोस तसे धू’ म्हणा. पुढून काही सांगू नका. वडीचा साबण क्षारधर्मी असतो, त्यामुळे तो लागेल तिथे हळद लालसर होईल. कपड्यावरच्या हळदीच्या डागाचं होतं तसंच. धुऊन झाल्यावर फिकट पिवळी छटा सगळीकडेच राहील, तिच्याकडे लक्ष देऊ नका. जिथे अजून तेलकट, गडद पिवळं दिसतंय तिथे साबण पोहोचलाच नाही. बहुधा तो डाग अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला आणि हाताच्या मागच्या बाजूला सापडेल. आपण घास घेतो तो अंगठा आणि बोटांच्या टोकांनी, आणि सुटतात नेमकी तीच. सहा वर्षांच्या मुलाला दहा वेळा ओरडून जे कळणार नाही ते त्या पिवळ्या अंगठ्याकडे बघून कळेल.

मग क्रम असा लावून द्या. हात ओले करायचे, नळ बंद करायचा, साबण घ्यायचा. तळहातावर तळहात, मग प्रत्येक हाताची मागची बाजू, बोटं एकमेकांत अडकवून बेचके, एकेक अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवायचा, शेवटी बोटांची टोकं तळहातावर खरवडायची. हे चोळणं २० सेकंद चाललं पाहिजे. बेचा आणि तिनाचा पाढा सावकाश म्हटला की तेवढा वेळ होतो, आणि सहा वर्षांच्या मुलाचे पाढेही त्यात पक्के होतात. मग नळ उघडून हात खळखळून धुवायचे आणि कोरडे करायचे. पाणी गरम असायची गरज नाही, गारही चालतं. जंतू मरतात ते ऊन पाण्याने नाही. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. चोळल्याने हातावरचा तेलकट थर जंतूंसकट सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. कोविडच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असतं, ते तर साबणाने फाटतंच. म्हणून चोळणं महत्त्वाचं. नुसतं साबण लावून लगेच हात पाण्याखाली धरला तर निम्मं काम राहून जातं.

नळ बंद ठेवायला सांगितलं त्याचं कारण पुण्यात वेगळं सांगायला नको. नळातून मिनिटाला सहा लिटर पाणी येत असेल तर चोळण्याच्या २० सेकंदांतच दोन लिटर वाया जातं. टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये ‘हात धुवा’ म्हटलं की लोकांना आधी पाण्याचं बिल आठवतं. तसं व्हायला नको. तांब्याने पाणी घालून धुतले तरी दोन फुलपात्री पाण्यात हात नीट निघतात. साबण चोळताना पाणी चालू ठेवलं नाही म्हणजे झालं.

साबण कुठलाही चालेल. ‘अँटिबॅक्टेरियल’ लिहिलेल्या महाग साबणाची गरज नाही. साध्या साबण-पाण्यापेक्षा तो सरस ठरतो हे उत्पादकांना सिद्ध करता आलं नाही, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये घरगुती साबणांतून ट्रायक्लोसानसह १९ घटकांवर बंदी घातली. वडी असेल तर साबणदाणी जाळीची घ्या. पाण्यात लगदा झालेली वडी मुलं हातातच घेत नाहीत. हँडवॉश संपत आलं की त्यात पाणी घालून बाटली भरायची, हे बऱ्याच घरांत चालतं. ते बंद करा. पातळ केलेल्या साबणात जंतू वाढू शकतात आणि फेसही होत नाही. रिफिल भरण्याआधी बाटली धुऊन पूर्ण वाळवा.

दुर्लक्षात राहते ती शेवटची पायरी, हात पुसणं. ओल्या हातांवरून जंतू पुढच्या वस्तूवर जास्त सहज जातात. पावसाळ्यात बेसिनजवळचा एकच दमट नॅपकिन चार दिवस पाच जण वापरत असतील, तर धुतलेला हात पुन्हा तिथेच मळतो. प्रत्येकाचा छोटा नॅपकिन वेगळा ठेवा, खुंटीवर पसरून टांगा आणि पावसाळ्यात रोज बदला. जुन्या पंचाचे चार तुकडे करून दुमडून शिवले तरी पुरे. ओट्यावरच्या फडक्यालाही हेच लागू आहे. ज्या फडक्याने ओटा पुसला त्यानेच ताटं पुसू नयेत. रोज रात्री ते साबणाने धुऊन, पिळून, पसरून वाळत घाला. स्पंजची घासणी तर आतून कधीच वाळत नाही. वास यायच्या आत ती टाकून द्या.

पण हे सगळं रोज कोण करवून घेणार? तुम्ही नाही, एवढं नक्की. कोविडमधली शिस्त मोडली याचं कारण तुमचं घर आळशी आहे हे नाही. ती भीतीने आली होती, आणि भीती फार दिवस टिकत नाही. टिकतात त्या सवयी जागेला आणि वेळेला बांधलेल्या असतात. आपल्याकडे पूर्वी दाराशी पाण्याची बादली आणि तांब्या असायचा. आल्यावर पाय धुवायला कुणी सांगावं लागत नव्हतं, कारण बादली ओलांडून आत जाताच येत नव्हतं. तुमच्या फ्लॅटमध्ये तसं काय करता येईल ते बघा. साबण आणि लाडवाचा डबा यांच्या जागा बदला. मुलं शाळेतून आल्यावर ज्या वाटेने स्वयंपाकघरात शिरतात त्या वाटेवर बेसिन असेल तर तिथे, नाहीतर ओट्याच्या सिंकजवळ मुलाच्या हाताला येईल असा साबण ठेवा, खाली छोटं स्टूल ठेवा, आणि डबा तिथून लांब वरच्या फळीवर. आल्यावर आधी हात धुऊन दाखवायचे, मग डबा खाली येतो. भांडायचं काही कारणच उरत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ९६ जणांवर केलेल्या एका अभ्यासात रोजची नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ लागले, कुणाला त्याहून कितीतरी जास्त. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस मोडलं म्हणून ‘झालं, गेलं सगळं’ असं म्हणू नका.

सॅनिटायझर पूर्ण बाद नाही, पण त्याची जागा घराबाहेर आहे. रिक्षात, रुग्णालयात, साबण नसेल तिथे तो वापरा. त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल हवं. दोन्ही तळहात ओले होतील एवढा, म्हणजे साधारण अर्धा छोटा चमचा घ्या आणि हात वाळेपर्यंत चोळा. तेलकट, मातकट हातांवर तो नीट चालत नाही. नोरोव्हायरससारख्या जुलाब-उलट्या करणाऱ्या विषाणूंना स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे त्यांच्यावरही त्याचा जोर कमी पडतो. पोटाच्या आजारांसाठी साबण-पाणीच. आणि गॅससमोर किंवा देवघरात निरांजन लावताना सॅनिटायझर लावलेले हात नेऊ नका, तो भडकतो. २०२० ची उरलेली अर्धी बाटली कपाटात असेल तर टाकून द्या.

आता यजमानांचं म्हणणं. त्यात अर्धं तथ्य आहे, म्हणून त्यांना उडवून लावू नका. मातीत खेळणं, झाडं, जनावरं, वेगवेगळ्या माणसांचा सहवास यांतून मुलांच्या शरीराची ओळख निरुपद्रवी जंतूंशी होते आणि ती हवीच. घरभर जंतुनाशक फवारणं, मुलाला मैदानावर जाऊ न देणं, हे खरंच नको. पण विष्ठेतून येणारे टायफॉइडचे आणि जुलाबाचे जंतू म्हणजे व्यायाम नव्हे. ते शरीराला बळकट करत नाहीत, आजारी पाडतात. मुलगा मातीत मनसोक्त खेळू दे. खेळून आल्यावर आणि खाण्याआधी मात्र साबण. यात त्यांचं आणि तुमचं, दोघांचंही म्हणणं राहतं.

साथीतली आणखी एक सवय तुमच्या पत्रात आलेलीच नाही, आणि ती टिकवण्यासारखी आहे. २०२०-२१ मध्ये जगभर साध्या फ्लूचं प्रमाण एकदम खाली आलं. फ्लूच्या विषाणूचा ‘बी यामागाता’ हा एक प्रकार तर मार्च २०२० नंतर खात्रीने कुठेच सापडलेला नाही, आणि त्यामुळे फ्लूच्या लशींतूनही तो वगळला जाऊ लागला. यात हात धुण्यापेक्षा मास्क, अंतर आणि थांबलेला प्रवास यांचा वाटा मोठा. रोज मास्क लावून फिरा असं यातून निघत नाही. पण ज्याला सर्दी-खोकला झालाय त्याने ते तीन-चार दिवस मास्क लावावा, विशेषतः सासूबाईंच्या खोलीत जाताना. खोकताना तोंडावर तळहात धरण्याऐवजी कोपराचा आतला भाग धरावा, कारण त्याच तळहाताने आपण दार उघडतो आणि ताट वाढतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं उघडाव्यात. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि क्षयही हवेतूनच पसरतो. तेव्हा मोकळ्या हवेचं मोल आपल्याला जास्त असायला हवं.

धाकट्याच्या पोटाचं हातांखेरीज आणखी एक कारण तपासा. त्याची पाण्याची बाटली घ्या, झाकणातली रबरी रिंग सुरीच्या टोकाने अलगद काढा आणि तिच्या खाचेत बघा. नळीची बाटली असेल तर नळीच्या आत बघा. तिथे काळपट, बुळबुळीत थर असेल तर रोज वरून धुऊनही उपयोग नव्हता. रिंग आणि नळी रोज सुटी करून ब्रशने घासा आणि रात्रभर उघडी वाळू द्या. पावसाळ्यात पिण्याच्या पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते आणखी एक मिनिट उकळू द्या. पिंपातून पाणी काढताना हात आत जाणार नाही असं लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. शाळेच्या स्वच्छतागृहात साबण असतो का, हे त्यालाच विचारा. नसेल तर दप्तरात कागदी साबणाची डबी द्या, आणि वर्गशिक्षिकांकडेही विषय काढा. नखं दर रविवारी कापायची. पुन्हा जुलाब झाले तर पहिल्या जुलाबापासूनच ओआरएस चालू करा. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते विरघळवायचं. मुलाला चव आवडावी म्हणून जास्त घट्ट किंवा पातळ करायचं नाही. शौचात रक्त दिसलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, मूल मलूल पडलं किंवा पोटात काहीच ठरेना, तर घरी थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

तुमच्या हातांसाठी: लिक्विडने भांडी घासताना हातमोजे घाला, हात धुतले की टिपून कोरडे करा आणि थोडे दमट असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा. रात्री जाडसर लावून झोपा. दोन आठवड्यांत भेगा भरल्या नाहीत तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. भेगाळलेल्या त्वचेत जंतू टिकतात, तेव्हा हेही स्वच्छतेचंच काम आहे.

मावशींचा विषय नाजूक आहे, पण टाळता येणार नाही. दारात सॅनिटायझर फक्त त्यांनाच लावायला लावायचा आणि ऑफिसातून, शाळेतून आलेल्यांना सूट द्यायची, यात आरोग्याचा भाग काहीच उरत नाही. वेगळ्या कपाचंही तसंच आहे. साबणाने नीट घासलेला कप सगळ्यांना चालतो. सोवळ्या-ओवळ्याचा जुना नियम साथीच्या नावाखाली किती सहज घरात परत येतो ते अनेक घरांनी पाहिलंय. नियम कामाला लावा, माणसाला नको: बाहेरून जो येईल, मग तो मुलगा असो, नवरा असो वा मावशी, त्याने बेसिनवर साबणाने हात धुवायचे. मावशी दिवसभर चार घरची भांडी लिक्विडमध्ये घासतात, त्यांचे हात तुमच्याहून जास्त फाटलेले असणार. हातमोज्यांचा एक जोड त्यांनाही द्या.

आणि सासूबाईंच्या हातातून ती लिक्विडची बाटली हिसकावून घेऊ नका. भाजीच्या पानांत, सालीत साबण शिरतो, धुऊनही पूर्ण निघत नाही आणि त्याने पोट बिघडू शकतं, हे एकदा शांतपणे सांगा. मग भाजीचं खातं रीतसर त्यांच्याकडे द्या. कोथिंबीर-पालेभाजीची मुळं कापून मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवायची, हलवायची, दोन मिनिटं थांबायचं. मग पाणी ओतून द्यायचं नाही, भाजी वर उचलून घ्यायची. पाणी ओतलं तर तळाची माती पुन्हा पानांवर बसते. पातेलं विसळून हेच तीन वेळा, तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत. आणि धुवायची ती चिरण्याआधी, तेही त्या दिवशी लागेल तेवढीच. जुड्या निवडायला बसल्या की धाकट्याला शेजारी बसवा. तिसऱ्या पातेल्याच्या तळाशी किती माती उरली ते त्याने सांगायचं.